हल्ली मुक्काम, वीटभट्टीची छपरे

डॉक्टरसाहेब,

तुमच्या शोकसभेत मी बोललो. चावडीपुढच्या मांडवात माझे नाव पुकारले गेले, तेव्हा टोपी नीट केली, सभेला वंदन केले आणि तुमची सेवावृत्ती, निरलस कार्य, गोरगरिबांविषयीचा कळवळा यांविषयी जे बोलणे प्राप्त होते ते सर्व बोललो. लोकांनी माना डोलावल्या. सरपंचांनी मागाहून माझा हात हातात घेऊन "भाषण चांगलं बांधलंत" असा अभिप्राय दिला. घरी परतताना मात्र ध्यानात आले की, ते सगळे बोलणे लोकांना उद्देशून झाले. तुम्हाला उद्देशून एक अक्षरही झाले नाही. तुमचा-माझा जो वाद अर्धा राहिला आहे तो सभेत मांडण्यासारखा नव्हता. शिवाय वीटभट्टीच्या छपरांवर फवारणी करण्याची मंजुरी त्या दिवसापर्यंत आली नव्हती, त्यामुळे तुम्हाला सांगण्यासारखी बातमीही माझ्यापाशी नव्हती. आता ती आहे. सबब हे लिहीत आहे.

तुमचे जन्मस्थान, शिक्षण, नोकरी यांचा तपशील येथे देत नाही. तो शोकसभेच्या ठरावात आला आहे, आणि तो ठरावही माझ्याच हातचा आहे.

आपली ओळख भांडणाने झाली. गेल्या वर्षी दिवाळी सरली होती, थंडी पडू लागली होती, आणि मी चिंचवडच्या चावडीच्या ओट्यावर नित्याप्रमाणे बैठक मांडून बसलो होतो. तुम्ही हॅट काखेत आणि कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन तरातरा चालत आलात. मागे फवारणीच्या तुकडीचा मुकादम होता, आणि त्याच्या धोतरावर पांढऱ्या औषधाचे डाग होते.

"अर्जनवीस तुम्हीच का?"

"परवानाधारक अर्जनवीस," मी म्हणालो.

"मग हे अक्षर तुमचेच." तुम्ही गठ्ठा माझ्या पुढ्यात टाकलात.

अक्षर माझेच होते. मी ते कोठेही ओळखीन. दवाखान्याच्या कंपाउंडरने हिवतापाच्या रोग्यांना नाव-पत्ता लिहून आणायला फर्मावले होते, आणि या पंचक्रोशीत ज्याला काही लिहून हवे असते तो माझ्याकडे येतो. मी प्रत्येकाचा पत्ता रीतसर लिहून दिला होता: मुक्काम पोस्ट भोकरवाडी, तालुका खेड, जिल्हा पुणे.

"ह्या भोकरवाडीत ताप नाही!" तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज इतका चढला की समोरच्या हॉटेलातली माणसे कप घेऊन बाहेर आली.

पुढची हकीकत मुकादमाने सांगितली. दवाखान्यातल्या तुमच्या खोलीत या भागाचा नकाशा भिंतीवर लावलेला होता. ज्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू सापडतील, त्याच्या पत्त्यावर तुम्ही लाल डोक्याची टाचणी टोचत होता. टाचण्यांची दाटी भोकरवाडीवर झाली, म्हणून पुण्याच्या कचेरीने तुकडी तिकडे पाठवली. तुकडी औषधाचे डबे आणि पंप बैलगाडीत घालून चाकण ओलांडून माळावरच्या त्या वाडीत पोचली, तर तेथे ना डबके, ना डास.

"म्हाताऱ्या हसाया लागल्या, राव," मुकादम म्हणाला. "म्हनल्या, औशिद मारायला आलाय व्हय? मग ढेकनं तेवढी मारा. ताप तुमच्या पिंपरीला हाय. आमची पोरं तिकडनंच घिऊन येत्यात!"

हॉटेलापुढची माणसेही हसली. तुम्ही हसला नाहीत. मीही हसलो नाही, कारण प्रश्न माझ्या लेखनाच्या अचूकतेचा होता.

"पत्ता बरोबर आहे," मी म्हणालो. "यांतल्या कोणालाही पत्र टाकून पाहा. पोचले नाही तर माझा परवाना काढून घ्या."

"मला पत्र टाकायचे नाही, मला डास शोधायचा आहे!"

त्या वेळी ओट्याच्या पायरीवर धोंडिबा घोंगडी पांघरून कुडकुडत बसला होता. भोकरवाडीतल्या सामाईक जमिनीत भावांच्या नावांबरोबर आपले नाव लागावे, यासाठी अर्ज लिहून घ्यायला तो आला होता. तुम्ही मोर्चा त्याच्याकडे वळवलात.

"राहतोस कुठे?"

"भोकरवाडी."

"काल रात्री निजलास कुठे?"

"भट्टीवर."

"परवा?"

"भट्टीवरच की."

"आणि भोकरवाडीला केव्हा होतास?"

"दिवाळीला व्हतो न्हवं!"

"म्हणजे तू भट्टीवर राहतोस."

धोंडिबाच्या अंगात ताप होता, तरी त्याने मान ताठ केली. "असं कसं म्हंता, साहेब? भट्टीवर निजतो. ऱ्हातो भोकरवाडीला. ऱ्हाणं न्यारं, निजणं न्यारं."

डॉक्टरसाहेब, मी मराठी चौथीच्या पुढे शाळेत गेलेलो नाही; परंतु आयुष्यभर कायद्याच्या भाषेशी घरोबा ठेवला आहे, आणि इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही वकिलाच्या तोंडून ऐकलेली नव्हती. मी तुम्हाला तसे म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "मुक्काम या शब्दाचा अर्थच मुळी रात्रीपुरते थांबणे असा आहे. फौजेचा मुक्काम पडतो. वऱ्हाडाचा मुक्काम पडतो. सकाळी उठून पुढे जातात."

"शब्दाचा अर्थ कोशात असतो," मी उत्तर दिले. "मुक्काम अर्जात असतो. माणसाचे देव जेथे, जमिनीत वाटा जेथे, मयताला खांदा द्यायला भाऊबंद जेथे, तो त्याचा मुक्काम."

"डास देव्हारा बघून चावत नाही, बॅरिस्टर."

तेव्हापासून तुम्ही मला बॅरिस्टर म्हणू लागलात. लोकांना ती थट्टा वाटे. मला त्या संबोधनात काही वावगे दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला भट्टीवर घेऊन गेलात. तुम्ही विनंती केली नाही, "चला" म्हणालात. माझ्या हुद्द्याचा माणूस स्थळपाहणीला जात नसतो, लोक त्याच्याकडे येत असतात, हे मी तुम्हाला वाटेत दोनदा सुचवले. तुम्ही पुढेच चालत होता. काळेवाडीच्या अंगाला, पवनेच्या काठी, विटांसाठी माती काढून काढून खड्डे पडले होते आणि त्यांत पावसाचे पाणी हिरवे होऊन साचले होते. खड्ड्यांच्या कडेकडेने छपरे होती. कच्च्या विटांच्या छातीएवढ्या भिंती, वर पाचट, आत वाकून शिरायचे. पिंपरीच्या माळावर कारखान्याचे बांधकाम निघाल्यापासून विटेला मागणी आलेली, त्यामुळे भट्ट्या वाढल्या आणि खड्डेही वाढले.

धोंडिबाची बायको सरूबाई माती मळत होती. तुम्ही तिच्या धाकट्या मुलीला, ठकीला, उचलून घेतलेत आणि तिचे पोट बोटांनी हळूहळू दाबून पाहिलेत. डाव्या कुशीत पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून टणक झालेली. तुम्ही माझा हात धरून माझीही बोटे तेथे ठेवलीत. मी मागे सरकत होतो. तुम्ही मनगट सोडले नाही.

"हे भोकरवाडीचे नाही," तुम्ही म्हणालात. "हे ह्या खड्ड्याचे. पोरीला दरसाल असा ताप येत राहिला तर किती वर्षे काढील? आणि नकाशावर ही पोर चाकणच्या पलीकडे, कोरड्या माळावर आहे. औषध तिकडे जाते. इथे कोणी येत नाही, कारण इथे कोणी राहतच नाही!"

त्या छपरांवर फवारणी यावी, म्हणजे ठकीसारखी पोरे वाचतील, एवढीच तुमची मागणी होती. पुढचा सगळा उद्योग त्यासाठी झाला. मी तेव्हा पत्त्याविषयीचे माझे मत बदलले नाही, आणि आजही बदललेले नाही. परंतु परतीच्या वाटेवर मी तुम्हाला माझ्या धंद्यातला एक शब्द दिला, हे तुम्हीही कधी नाकारले नाहीत.

"तुमच्या कार्डावर पत्त्याला एकच ओळ आहे," मी म्हणालो. "आमच्या कागदात दोन असतात. राहणार अमुक, हल्ली मुक्काम तमुक. कोर्टापासून लग्नाच्या याद्यांपर्यंत सगळीकडे चालते. राहणार भोकरवाडी, हल्ली मुक्काम पिंपरी. त्याचेही समाधान, तुमचेही."

तुम्ही रस्त्यातच थांबलात. "हल्ली मुक्काम," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा एकदा म्हणालात. मग हॅट काढून मला अशी लवून सलामी दिलीत की, समोरून येणारा गाडीवान बैल थोपवून बघत राहिला. आजपर्यंत माझ्या लेखणीला अनेक अंमलदारांनी वाखाणले आहे. पण रस्त्याच्या मधोमध हॅट कोणी काढली नव्हती.

तो आनंद आठवडाभर टिकला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही नव्या कार्डांचा गठ्ठा घेऊन पुन्हा ओट्यावर हजर.

"सगळ्यांचा हल्ली मुक्काम पिंपरी!"

"खरेच आहे."

"पिंपरी केवढी आहे, बॅरिस्टर! टाचणी कुठे टोचू? देवळावर? पोस्टावर? डास काही गाव मिळून चावत नाही. मला छप्पर पाहिजे. कोणत्या खड्ड्याच्या कडेचे, कोणत्या बाजूचे."

मग मी तुम्हाला चतुःसीमा शिकवल्या. जमिनीच्या कागदात जशा पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर या चारही बाजू लिहितात, तशा मी एकेका छपराच्या लिहिल्या: पूर्वेस नदी, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस बाभळीचा बांध, उत्तरेस धोंडिबाचे छप्पर. तुम्ही त्यावरून नकाशा काढलात. छपरांच्या त्या ओळीत पहिली टाचणी तुम्ही मला टोचायला दिलीत. मी ती ठकीच्या छपरावर टोचली. बाकीच्या तुम्ही टोचल्यात, आणि आपण दोघे मागे सरून पाहत राहिलो. इतक्या महिन्यांत भोकरवाडीवर भरलेली लाली आता नदीकाठी एका ओळीत उतरली होती, आणि ती ओळ खड्ड्यांची होती. मग तुम्ही कपाटातून तुमच्या मालवणकडचे काजू काढून माझ्या हातावर ठेवलेत.

आणि माघ सरेपर्यंत त्या नकाशाची दशा काय झाली? तुम्ही ओट्यावर येऊन अगदी गंभीर चेहऱ्याने मला सांगितलेत, "बॅरिस्टर, तुमच्या चतुःसीमेतली दक्षिण गेल्या आठवड्यात खणून तिच्या विटा झाल्या. भाजायला ठेवल्या आहेत." माझ्या इतक्या वर्षांच्या लेखनात कोणतीही दिशा भट्टीत गेलेली नव्हती. हॉटेलवाल्याला ते इतके आवडले की तो महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत होता.

आपले खरे भांडण फाल्गुनात झाले. त्याविषयी सभेत मी बोललो नाही, येथे बोलतो.

पुण्याच्या कचेरीने तुमचा नकाशा मान्य केला, पण फवारणी घरक्रमांकाच्या यादीवरून होते आणि छपरांना क्रमांक नाहीत, असे कळवले. तुम्ही म्हणालात, मग क्रमांक द्या. भट्टीमालक आडवा आला. क्रमांक पडला की उद्या हे लोक जागेवर हक्क सांगतील, असे त्याचे म्हणणे. तो आडवा येणार हे तुम्ही गृहीत धरले होते. धोंडिबा आडवा येईल हे मात्र तुमच्या स्वप्नातही नव्हते.

"नंबर नगं, साहेब," धोंडिबा म्हणाला. "हितं नंबर पडला की भाऊ म्हंतील, तू आता तिकडचा झालास. तुझं घर हाय की तिकडं, सरकारी नंबराचं. मग हितल्या जमिनीत तुझं काय काम? माझा अर्ज अजून कचेरीत हाय."

"आणि ठकीचा ताप?"

"ताप कोयनेलनं जाईल. जमीन गेल्यावर कशानं येईल?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "समजावा ह्याला. तुमचे ऐकेल."

मी म्हणालो, "समजावण्यासारखे काही नाही. त्याचे बरोबर आहे. मी स्वतः अशी प्रकरणे पाहिली आहेत."

तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. सगळ्यांसमक्ष बोललात. "तुम्हाला माणसापेक्षा कागद मोठा आहे."

आणि मी म्हणालो, "तुम्हाला माणूस टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो."

तुम्ही निघून गेलात. त्यानंतर तुम्ही दवाखान्यात जाताना पलीकडच्या अंगाने जाऊ लागलात, आणि मी तुम्ही येण्याच्या वेळेस मान खाली घालून लिहीत बसू लागलो. लिहिण्यासारखे काही नसले तरी लिहीत असे. धुळवड झाली, पाडवा झाला. ओट्यावर मला कोणी बॅरिस्टर म्हणत नव्हते. हॉटेलवाला एकदा म्हणाला, "काय हो, डॉक्टर आणि तुमची सोयरीक मोडली काय?" मी त्याला योग्य ते उत्तर दिले.

माफी तुम्ही मागितली नाहीत, मीही नाही. तुमचे ते वाक्य चूक होते असे तुम्ही म्हणाला असतात, तर माझे वाक्य मला मागे घ्यावे लागले असते, आणि ते मागे घेण्याची माझी तयारी नव्हती. ते अर्धे खरे होते. तुमचेही अर्धे खरे असावे. इतके मी येथे कबूल करतो. याहून अधिक नाही.

चैत्राच्या अखेरीस एका दुपारी तुम्ही डबा घेऊन आलात आणि विचारल्यावाचून माझ्या सतरंजीवर बसलात. डब्यात तुमच्या मालवणकडच्या पद्धतीच्या आंबोळ्या होत्या, तुम्हीच घातलेल्या, कडेने करपलेल्या. तुम्ही एक माझ्यापुढे सरकवलीत.

"बॅरिस्टर, हल्ली म्हणजे किती?"

"म्हणजे?"

"धोंडिबा वर्षातले आठ महिने भट्टीवर असतो. कित्येक वर्षे येतो आहे. तरी हल्ली?"

"हल्ली हे दिवसांवर ठरत नाही, डॉक्टरसाहेब. परत जाण्याची इच्छा असेपर्यंत हल्ली."

तुम्ही आंबोळीचा करपलेला काठ मोडत बसलात. "मी दरवर्षी बदलीचा अर्ज करायचे म्हणतो आणि करत नाही," तुम्ही म्हणालात. "माझे काय?"

मी म्हणालो, आंबोळीला मीठ कमी आहे. तुम्ही म्हणालात, मीठ बरोबर आहे, तुमच्या तोंडाला तिखटाची सवय. आणि मग, जणू मधले दिवस झालेच नाहीत अशा थाटात, आपण अर्जाला बसलो.

तो अर्ज माझ्या सर्व लेखनात मी अग्रभागी ठेवतो. क्रमांक मागायचा नाही, फवारणी मागायची, हा विचार तुमचा. तो ज्या वाक्यात बसला ते वाक्य माझे: "सदरहू फवारणीमुळे अर्जदारांस उक्त जागेवर कोणताही हक्क प्राप्त होणार नाही, व मूळ गावी असलेला त्यांचा कोणताही हक्क त्यामुळे कमी होणार नाही." एका वाक्याने भट्टीमालकाचे तोंड बंद झाले आणि धोंडिबाचा अंगठा उठला. मी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. सरूबाई मध्येच म्हणाली, "यवढं सगळं त्या मच्छराला कळंल न्हवं?" तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग अर्जाला तुम्ही आपला नकाशा जोडलात, चारही दिशा नव्याने दुरुस्त करून, कारण तोपर्यंत पश्चिमही भट्टीत गेली होती.

अर्ज गेला. पाऊस आला, छपरे रिकामी झाली, माणसे पेरणीला गावी गेली. श्रावणात तुम्ही पुण्याला खेटे घातलेत. भाद्रपदात पुन्हा घातलेत. येताना प्रत्येक वेळी ओट्यापाशी थांबून फक्त मान हलवत होता, नाही म्हणून. आणि दसरा तोंडावर आला असताना, दवाखान्यातल्या खुर्चीवर, रोग्याचे बोट टोचण्यासाठी सुई हातात घेतलेली असताना, तुमचे हृदय थांबले. तो रोगी मला म्हणाला, "डॉक्टर म्हनले, दुखनार न्हाई. आन् टेबलावर मान टाकली."

त्याला दुखले नाही. तुम्हालाही फार दुखले नसावे, असे मी स्वतःला सांगत असतो.

तुमचे थोरले बंधू मालवणहून आले तेव्हा नदीकाठचे अंत्यसंस्कार उरकले होते. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. मी विचारले, "राहणार?" ते म्हणाले, "मालवण." मी सवयीने विचारले, "हल्ली मुक्काम?" "आता कसला हो हल्ली मुक्काम?" असे ते म्हणाले आणि उपरण्याचा शेव तोंडाला लावून बसले. मी चिंचवड असे लिहिले. तुमची खोली त्यांनी रिकामी केली. नकाशा मात्र दवाखान्यातच राहिला आहे. नव्या डॉक्टरांना मी त्यातले सारे समजावून सांगितले आहे, आणि ते ऐकून घेतात.

आता बातमी. मंजुरी आली, डॉक्टरसाहेब. दिवाळी होऊन छपरे पुन्हा भरली, आणि गेल्या आठवड्यात तुकडी भट्टीवर पोचली. तोच मुकादम, तेच पंप. या वेळी मी कोणी "चला" म्हणण्याची वाट पाहिली नाही. मंजुरीच्या कागदात माझे वाक्य जसेच्या तसे उतरवले आहे. अर्जदारांचा मूळ गावचा हक्क "कमी" होणार नाही याऐवजी "न्यून" होणार नाही एवढाच फरक कोणा कारकुनाने केला आहे. मला "कमी" अधिक बरे वाटते. तुम्हाला काय वाटते ते विचारायचे राहिले.

मुकादम जरा धास्तावलेला होता. गावोगाव बायका देव्हाऱ्यापाशी आडव्या उभ्या राहतात, देवाच्या भिंतीला औषध लावू देत नाहीत, असा त्याचा अनुभव. सरूबाईच्या छपरापाशी येऊन तो म्हणाला, "वहिनी, देवाचा कोपरा कुठला ते सांगा. तेवढा सोडतो."

सरूबाईने कडेवरची ठकी दुसऱ्या बाजूला घेतली. "देव न्हाईत हितं. देव गावाला. हितं निस्तं आमीच. मार समद्याला."

मी तेथेच उभा होतो. मुक्कामाविषयीचे माझे म्हणणे इतक्या थोडक्यात मला कधी साधले नव्हते, आणि तुमचे म्हणणे तुम्हालाही. आपण दोघांनी वर्षभर ओट्यावर घसा कोरडा केला तो कशासाठी, असे मनात आले आणि हसू आले. शेजारी तुम्ही असता तर काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाला असतात, "बॅरिस्टर, ही बाई तुमचा परवाना घालवणार."

भिंती ओल्या पांढऱ्या झाल्या. त्या वासाने सगळे खोकत बाहेर आले. ठकी खड्ड्याच्या कडेला मातीत खेळू लागली. तुमच्या कोयनेलने तिची पाणथरी बरीच ओसरली आहे. मी बोटांनी दाबून पाहिली. आपल्याला त्यातले कळते असे आता मला वाटू लागले आहे. पुढच्या छपरांवर पंपाचा आवाज सुरू झाला. खड्ड्यावरून गार वारा सुटला होता. मी एका विटांच्या थप्पीवर बसलो. इतके समाधान मला कोणत्याही जिंकलेल्या दाव्यात मिळालेले नाही, आणि त्यातले निम्मे तुमचे असल्यामुळे ते एकट्याने बाळगणे मला जड गेले.

जाण्यापूर्वी मुकादमाने दाराच्या फळीवर गेरूने काही लिहिले. धोंडिबा जवळ येऊन त्या अक्षरांकडे पाहत उभा राहिला.

"काय लिवलंय, मुनशी?"

"फवारणीची तारीख."

"आन् नंबर?"

"नंबर नाही. तुलाच नको होता."

"व्हय," तो म्हणाला. पण तो हलला नाही. गेरूच्या त्या ओल्या अक्षरांशेजारी फळीचा बराच भाग मोकळा राहिला होता, त्यावर त्याने तळवा फिरवून धूळ झाडली.

"पुढल्या साली तुकडी आली आन् हे पुसलं गेलं असलं, तर त्यांना कसं कळंल आमी हितं हाओत ते?"

"नकाशा आहे."

"नकाशातली दिशा भट्टीत जाती म्हनं."

हॉटेलवाल्याचे तोंड तुम्हाला माहीत आहे.

"भाऊ काय म्हणतील?" मी विचारले.

"भावांचं भाऊ बघतील. जमिनीत नाव लागलं की आता. तुमीच तर लावलं." त्याने सरूबाईकडे पाहिले, तिने नजर वळवली, म्हणजे हे बोलणे घरात आधी झालेले होते. "ऱ्हायाला भोकरवाडीच. पन हितं बी एक नंबर असला, तर काय बिघडतं?"

डॉक्टरसाहेब, याचे उत्तर तुमच्या वाट्याचे होते. मी तुमच्या विरुद्ध बाजूचा माणूस. मी घसा साफ केला आणि जे नियमाने सांगायचे ते सांगितले.

"त्याला वेगळा अर्ज करावा लागेल."

"मग लिवा की," धोंडिबा म्हणाला, आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.